ब्रेझा डिझेलचा ईसीयू रिमॅप, नागपूर : हिसका गेला, गाडी तीच राहिली

रिमॅप (इंजिन सांभाळणाऱ्या ईसीयू नावाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं) केलं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, किती बीएचपी वाढले? आणि मला दरवेळी हेच सांगावं लागते की भाऊ, त्यासाठी केलंच नाही. माझी गाडी मारुती विटारा ब्रेझा डिझेल, १.३ लिटरवाली, कंपनीचेच ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर), आणि नागपुरात रोज ऑफिस, बाजार, कधी वर्धा कधी अमरावती एवढ्या चालवण्याला ते पुरून उरते. वैताग होता तो पॉवर येण्याच्या पद्धतीचा. ज्यांनी हे इंजिन चालवलं त्यांना सांगायची गरज नाही, दोन हजार आरपीएमच्या खाली पाय दाबून बसा काही होत नाही, आणि दोन हजारावर गेली की एकदम मागून कोणी ढकलल्यासारखी सुटते. सीताबर्डीत व्हरायटी चौकाच्या गर्दीत सेकंड गिअरमध्ये ब्रेकरवरून उतरलं, रेस दिली, गाडी उठेचना, अजून थोडी दिली, आणि मग समोरच्या ऑटोच्या अंगावर जाते की काय अशी उडी. मागे बसलेल्या आईची मान दरवेळी पुढे-मागे. हे मला घालवायचं होतं आणि ते बऱ्यापैकी गेलं, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी इंजिनबद्दल थोडं, कारण त्याशिवाय रिमॅपचं काहीच कळत नाही. हे फियाटचं मल्टिजेट, १२४८ सीसी. आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, पुंटो, टाटाची व्हिस्टा, सियाझ, अर्टिगा, सगळ्यात हेच होतं, लोकं त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. ब्रेझा २०१६ ला आली तेव्हा फक्त याच डिझेलमध्ये मिळायची, आणि २०२० मध्ये बीएस ६ (धुराचे नवे नियम) आलं तेव्हा मारुतीनं डिझेलच बंद केलं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. स्विफ्टमध्ये ७५ पीएसवालं साध्या टर्बोचं, ब्रेझात ९० पीएसवालं व्हीजीटी, म्हणजे टर्बोच्या आतल्या पाकळ्या फिरून वाट अरुंद-रुंद करतात. कमी आरपीएमला पाकळ्या मिटून घेतात म्हणजे एक्झॉस्टचा जो थोडासा गॅस असेल तो जोरात टर्बोच्या चाकावर आपटतो, जास्त आरपीएमला उघडतात. तरीही शेवटी १२४८ सीसीच आहे ना, टर्बो फिरायला लागेपर्यंत तेवढ्याशा इंजिननं बाराशे किलोच्या आसपासची गाडी ओढायची, त्यात एसी चालू, त्यात चार माणसं.

आता ईसीयू काय करतो तर तुम्ही एक्सलरेटर दाबता ती फक्त विनंती असते. वायर आहे, केबल नाही. पेडल इतकं दाबलं तर याला इतका टॉर्क पाहिजे असेल, तेवढ्या टॉर्कला इतकं डिझेल लागेल, पण आत हवा इतकीच आहे तर त्यातलं इतकंच सोडू नाहीतर काळा धूर होईल, रेलमध्ये (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पाइपमध्ये) प्रेशर किती ठेवायचं, डिझेलची पिचकारी कोणत्या क्षणी मारायची, टर्बोच्या पाकळ्या किती मिटायच्या, या सगळ्याचे आत तक्ते असतात, त्यालाच मॅप म्हणतात. रिमॅप म्हणजे ही फाईल गाडीतून काढायची, त्यातले काही आकडे बदलायचे, परत टाकायची. स्टेज १ म्हणतात ते एवढंच, गाडीत एकही पार्ट बदलत नाही. पण कुठले आकडे बदलले आणि कुठल्याला हात लावला नाही यातच सगळं कौशल्य आहे आणि तिथंच चांगला ट्यूनर आणि फाईल विकणारा यातला फरक दिसते.

मी केलं ते हिंगणा रोडकडे, एमआयडीसीच्या अलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये. हा रिव्ह्यू कामाचा आहे, दुकानाची जाहिरात नाही, त्यामुळे नाव टाकत नाही. त्याआधी दोन-तीन ठिकाणी फोन केले होते आणि सगळीकडे पहिलं वाक्य एकच, साहेब इतके घोडे वाढवून देतो, अर्ध्या तासात काम. एकानं तर गाडी न पाहताच व्हॉट्सॲपवर ग्राफ पाठवून दिला. हिंगणा रोडच्या पोरानं उलट मलाच विचारलं, दादा गाडी कुठं चालते तुमची, शहरात का हायवेला, एकटे असता का फॅमिली, घाटात जाता का, क्लच प्लेट कधी बदलली. मग म्हणे, "फाईलचं नंतर बोलू, आधी गाडीची तब्येत पाहू द्या."

ओबीडी पोर्टला स्कॅनर लावला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूच्या सीटवर बसला आणि मला अमरावती रोडला वाडीच्या पुढे मोकळ्या पट्ट्यात घेऊन गेला. थर्ड गिअर, पंधराशे आरपीएमवरून पाय पूर्ण खाली, चार हजारापर्यंत, परत तेच, परत तेच. परत आल्यावर मला स्क्रीनवर दोन रेषा दाखवल्या, एक ईसीयूनं मागितलेलं बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) आणि एक प्रत्यक्ष मिळालेलं. खालची रेष वरच्या रेषेच्या मागं मागं रांगत होती आणि तीन हजाराच्या वरही पूर्ण भेटत नव्हती. म्हणे हे टर्बोचं नाही, कुठून तरी हवा निसटून राहिली. बोनेट उघडून इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) होज पाइपवरून बोट फिरवलं आणि बोट दाखवलं, काळं तेलकट. क्लिप ढिली झाली होती, पाइपच्या तोंडाशी धूळ चिकटून तेलाचा ओला डाग. क्लिप बदलली, पाइप साफ करून बसवला, एअर फिल्टर झटकला, आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर स्प्रेनं धुतला, परत लॉग (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद) काढला. दोन्ही रेषा बऱ्यापैकी जवळ आल्या. गाडी तेवढ्यानंच मोकळी वाटायला लागली होती राजेहो, आणि मग जे तो बोलला त्यानं माझा विश्वास बसला : काही दिवस अशीच चालवून पहा, बरी वाटली तर रिमॅपची गरजच नाही, पैसे कशाला घालवता. त्या दिवशी फक्त क्लिप आणि मजुरीचे घेतले.

हे मी इतकं लांबवून सांगून राहिलो कारण बाजारात बहुतेक लोकं इथंच फसतात. हवा निसटणाऱ्या गाडीवर फाईल मारली की ईसीयू बूस्ट अजून मागतो, टर्बो बिचारा अजून जोरात फिरतो, तरीही हवा पुरत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत टर्बोच्या नावानं बोंब. व्हीजीटीच्या पाकळ्या काजळीनं अडकल्या असतील तरी तेच. रिमॅपनं इंजिन खराब झालं असं जे ऐकू येते त्यातल्या कितीतरी गाड्या आधीच आजारी असतात. ट्युनिंग बॉक्सचं (बाहेरून वायरीला जोडायचा डबा) पण एक सांगतो, ते स्वस्त पडतात, स्वतः लावता येतात, पण डिझेलमध्ये बहुतेक बॉक्स एवढंच करतात की रेल प्रेशरचा सेन्सर जे सांगून राहिला ते खोटं करून ईसीयूला कमी दाखवायचं, म्हणजे ईसीयू प्रेशर वाढवतो आणि डिझेल जास्त जाते. जोर येतो, पण हिसका तसाच, उलट वाढतो. पेडल बॉक्स तर पॉवर वाढवतच नाही, थोडं दाबलं तरी जास्त दाबलं असं सांगतो, बस.

तरीही मी परत गेलो. क्लिपनं वरचा दम आला पण खालचा झोपाळूपणा राहिलाच, तो या इंजिनचा स्वभाव आहे.

फाईल टाकताना मी बाजूलाच उभा होतो. बॅटरीला चार्जर लावून ठेवला, आणि तो चार्जर इन्व्हर्टरवरच्या बोर्डात लावला होता, कारण एमआयडीसीत लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि राईट सुरू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडू शकतो. एसी बंद, म्युझिक बंद, दरवाजे उघडू नका म्हणे. आधी ओरिजिनल फाईल रीड करून एक कॉपी मला पेनड्राईव्हवर दिली, ही मागून घ्याच, तुमच्याच गाडीची आहे. मग राईट सुरू झालं, डॅशबोर्डवरचे दिवे सगळे एकदम पेटले, रेडिएटरचा फॅन आपोआप फुल स्पीडला सुटला, मी घाबरलो तर तो म्हणे होते असं, ईसीयू आता फॅनला काही सांगत नाही म्हणून तो स्वतःच सुरू होतो. स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती आणि गॅरेजमध्ये कोणी बोलत नव्हतं. झाल्यावर इग्निशन बंद, थोडं थांबा, परत चालू, एरर स्कॅन, साफ.

काय बदललं ते त्यानं मला तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. पंधराशे ते दोन हजारात पाकळ्या अजून थोड्या मिटल्या म्हणजे बूस्ट लवकर तयार होते, जिथं हवेला जागा होती तिथंच डिझेल थोडं वाढवलं, पिचकारीची वेळ किंचित अलीकडे घेतली. आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, दोन हजाराच्या पुढं टॉर्क जो एकदम भिंतीसारखा उभा चढायचा त्याला उतार दिला. वरचा टॉर्क त्यानं मुद्दाम जास्त वाढवला नाही, क्लच कंपनीचाच आहे म्हणून. म्हणजे तीन हजारच्या वर गाडी आधीपेक्षा थोडीच बरी आहे, आणि मला तेच पाहिजे होतं.

पहिली फाईल मात्र मला पटली नाही. त्यात पेडल फार तिखट करून ठेवलं होतं, थोडा पाय टेकवला की गाडी पळायची, टेस्ट ड्राईव्हला मजा येते पण मनीष नगरच्या फाटकाकडल्या गर्दीत क्लच-ब्रेक-क्लच करताना पाय दुखून गेला. कितीतरी ट्यूनर हे असंच करतात, पेडल तिखट केलं की गिऱ्हाईकाला वाटते पॉवर वाढली. मी परत नेली, सांगितलं की पेडल कंपनीसारखं करून द्या, जे पाहिजे ते मी पायानं मागेन. तो थोडा हिरमुसला पण करून दिलं, वेगळे पैसे न घेता. ही दुसरी फाईलच आता गाडीत आहे आणि माझं पूर्ण मत याच फाईलचं आहे.

शहरात : सेकंड गिअरमध्ये चौदाशे-पंधराशेला गाडी आता मरत नाही. ब्रेकरवरून उतरली की फर्स्ट टाकायची जी सवय होती ती नव्वद टक्के वेळा लागत नाही. दोन हजार कधी ओलांडले ते कळत नाही, आवाजावरून समजते. आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काऊन रे, गाडी बदलली का, आता झटके नाही देऊन राहिली." तिला रिमॅप काय ते माहीत नाही आणि मी सांगितलंही नव्हतं, त्यामुळे माझ्यासाठी हे कुठल्याही ग्राफपेक्षा मोठं सर्टिफिकेट. पण स्पष्ट सांगतो, तेराशेच्या खाली काही जादू झाली नाही. तिथं टर्बो फिरवायला गॅसच नसतो, सॉफ्टवेअर हवा तयार करू शकत नाही. कोणी म्हणालं की लॅग (पाय दाबल्यावर जोर यायला लागणारा वेळ) झिरो करून देतो, तर तिथून उठून या.

खरा फरक मला चिखलदऱ्याला दिसला. परतवाड्याच्या पुढं घाट सुरू होतो आणि वर अकराशे मीटरच्या आसपास जाते, वळणं अशी की सेकंडमध्ये गाडी घ्यायची, वळणात आरपीएम पडतात, आणि वळण संपून चढ लागला की आधी इंजिन हात टेकायचं. फर्स्ट टाकावा तर गाडी केकाटते, सेकंड ठेवावा तर मागचा ट्रक हॉर्न मारते. आता सेकंडमध्येच वळणातून निघताना पाय थोडा दाबला की ओढायला लागते, आणि महत्त्वाचं म्हणजे ओढता ओढता मधेच उडी मारत नाही, ओल्या रस्त्यावर वळणाच्या तोंडावर ती उडी नको वाटायची. गाडीत पाच जण होते, डिक्कीत सामान, एसी चालू. बायकोला गाडी लागते घाटात, यावेळी वर पोचेपर्यंत गोळी घेतली नाही. तिचं म्हणणं ड्रायव्हिंग सुधारलं. सुधारलं ते फाईलनं, पण क्रेडिट मी ठेवून घेतलं नाही, सांगून टाकलं.

समृद्धीला फार बोलण्यासारखं नाही. शिवमडक्याहून चढलं की क्रूझला टाकायची, १२० ची लिमिट आहे, तेवढ्याला कंपनीची गाडीही चालत होती. ओव्हरटेकला फिफ्थमध्ये राहून काम होते, फोर्थ कमी लागतो, एवढंच. तिथं टॉप स्पीड पाहायला म्हणून रिमॅप करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, त्या सिमेंट रोडवर उन्हाळ्यात टायरचे काय हाल होतात ते आधी पहा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो कारण हे पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही. मे मध्ये आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो. १५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा जवळपास दहा टक्के विरळ असते, म्हणजे तेवढाच ऑक्सिजन भरायला टर्बोला जास्त मेहनत, त्यात इंटरकूलरवर येणारी हवाच गरम. थंडीत काठोकाठ भरलेली फाईल मे मध्ये धूर ओकते आणि एक्झॉस्टचं तापमान वाढवते, आणि टर्बो-पिस्टन दोघांनाही मारते ते हेच तापमान. हिंगणा रोडच्या पोरानं जागा ठेवून फाईल बनवली, आणि मी मुद्दाम ऐन उन्हाळ्यात दुपारी कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत लॉग काढायला लावला. कूलंट जागेवर होतं, मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट जुळत होतं. गाडी दुपारी थोडी जड वाटते, सकाळी हलकी, ते तर कंपनीच्या फाईलवरही व्हायचं.

ॲव्हरेज. मीटरवर आधीपेक्षा बरंच जास्त दाखवते आणि त्यावर अजिबात भरोसा ठेवू नका. मीटर ॲव्हरेज मोजते ते ईसीयूनं किती डिझेल सोडलं त्या हिशोबावरून, आणि तोच हिशोब फाईलमध्ये हलला असेल तर मीटर मनाचे सांगते. पंपावर टाकी फुल करून किलोमीटर लिहून पाहिलं तर शहरात अगदी थोडा फायदा, तोही गिअर कमी बदलावे लागतात म्हणून असेल, हायवेला जवळपास तेवढंच. ॲव्हरेजसाठी रिमॅप करू नका, पैसे निघणार नाहीत.

धुराचं : पीयूसीला घेऊन गेलो, बीएस ४ डिझेलला लिमिट १.६२ आहे, आरामात पास. आरशात पाहिलं तर फुल पाय दाबल्यावर हलका धूर दिसते, आधीही दिसायचा. ईजीआर बंद करून देऊ का असं त्यानं विचारलं होतं, बरेच लोकं करून घेतात म्हणे, इनटेकमध्ये काजळी कमी होते. मी नाही म्हटलं. ईजीआर थोडा एक्झॉस्ट परत आत घेऊन आतलं तापमान कमी ठेवतो म्हणजे नायट्रोजन ऑक्साईड कमी बनतात, ते बंद केलं तर धूर दिसत नाही पण जे बाहेर पडते ते आपल्याच शहरातल्या पोरांच्या छातीत जाते. त्यानं जास्त आग्रह केला नाही हेही बरं वाटलं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. खर्च वीस हजाराच्या आत-बाहेर गेला आणि बिलावर फक्त "ईसीयू सर्व्हिस" एवढंच लिहिलेलं, काय बदललं याचा एक कागद द्यायला पाहिजे, मी मागितला तेव्हा हातानं लिहून दिला. डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) नाही, त्यामुळे किती पीएस झाले याचा जो आकडा तो सांगतो तो अंदाज आहे, मी त्यामुळेच इथं टाकला नाही, डायनोच्या प्रिंटशिवाय कोणीही आकडा सांगितला तर तो अंदाजच समजा. वेळ फार पाळत नाहीत, अकराला बोलावून दीडला हात लावला, बसायला एक खुर्ची आणि कूलर, बायका-पोरांना घेऊन जाऊ नका. पण काम करताना घाई केली नाही आणि मला हे सगळ्यात जास्त मोलाचं वाटते.

करण्याआधी दोन गोष्टी डोक्यात ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर विषयच सोडा, क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळते. या ब्रेझा आता जवळजवळ सगळ्याच वॉरंटीबाहेर आहेत म्हणून चालून जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, ते एकदा वाचून घ्या, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, नंतर क्लेमच्या वेळी तोंड लपवायची पाळी नको. क्लच आधीच घसरत असेल तर आधी क्लच, मग फाईल. गाडी दोन लाखाच्या वर चाललेली असेल तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (कोणता इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते) करून घ्या, एक इंजेक्टर जास्त सोडत असेल तर रिमॅप त्याला झाकत नाही, उघडं पाडते.

माझ्यासारखी ब्रेझा, सियाझ किंवा अर्टिगा डिझेल असेल, गाडी निरोगी असेल, आणि शहरातल्या हिसक्याला कंटाळला असाल तर खुशाल करा, फक्त जाऊन पहिलं हेच सांगा की खालून गुळगुळीत पाहिजे, वरचा टॉर्क वाढवू नका, पेडलला हात लावू नका, ईजीआर चालू राहू द्या. आणि पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरला टाकाल तेव्हा जॉब कार्डवर लिहून घ्या की न विचारता सॉफ्टवेअर अपडेट टाकायचं नाही, नाहीतर धुऊन-पुसून गाडी हातात येते आणि फाईल कंपनीची झालेली असते. तसं झालंच तर हिंगणा रोडवाला आपली फाईल परत टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही म्हणाला, पण फोन करून जा, रविवारी बंद असते.